वालपराईच्या रस्त्यावर इतकी सिंहपुच्छ माकडं दिसली, मग ती धोक्यात कशी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. मे महिन्यात तुम्ही ठाण्याहून कुटुंबासोबत तमिळनाडूतल्या अन्नमलई डोंगरात वालपराईला गेलात. गावाला लागूनच, रस्त्याकडेला, काळ्या अंगाची आणि तोंडाभोवती करडी-पांढरी आयाळ असलेली तीस-चाळीस माकडं एकदम दिसली. काही घरांच्या छपरांवर होती, काही रस्त्यात बसली होती, आणि तुमच्या मुलीने पुढे केलेलं बिस्किट एकाने हातातून घेतलं. घरी आल्यावर वाचलंत की हे सिंहपुच्छ माकड जगात फार थोडं उरलंय. म्हणून तुम्ही विचारताय : इतकी सहज दिसली, तर धोक्यात कशी? बिस्किट दिलं त्यात काही बिघडलं का? आणि तिथे जंगल अपुरं पडत असेल, तर एखाद-दुसरी टोळी आपल्या ठाण्याच्या येऊरच्या जंगलात आणून सोडली तर वाचणार नाही का?

मी ठाण्याचीच. बरीच वर्षं अन्नमलईत आणि त्यानंतर उत्तर कन्नड जिल्ह्यात माकडांच्या टोळ्यांमागे फिरण्याचं काम केलं. आता येऊर आणि घोडबंदर पट्ट्यात माकडांच्या पाहण्या आणि सोसायट्यांच्या तक्रारी, दोन्ही बघते. तुमच्या प्रश्नाची दोन्ही टोकं ओळखीची आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिन्ही प्रश्नांच्या तळाशी एकच गोष्ट आहे. आपण डोकी मोजतो. या माकडाच्या बाबतीत आधी मोजावं लागतं ते जंगल, आणि त्यातही ते किती सलग आहे हे. रस्त्यावर जमलेली मोठी टोळी पाहून ‘भरपूर आहेत’ असं वाटणं स्वाभाविक आहे. माझ्या अनुभवात मात्र अशी टोळी रस्त्यावर दिसते तेव्हा तिच्या मागचं जंगल तुटलेलं असतं.

आकडे आधी देऊन टाकते. सिंहपुच्छ माकड जगात फक्त पश्चिम घाटात आहे, तेही कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू या तीन राज्यांतल्या पट्ट्यांत. महाराष्ट्रात ते नाही. सगळी मिळून साधारण ४,००० माकडं उरली असावीत आणि त्यांतली पिल्लं देण्याच्या वयाची २,५०० पेक्षा कमी, असा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचा, म्हणजे आययूसीएनचा अंदाज आहे. त्यांच्या यादीत ते ‘संकटग्रस्त’ वर्गात येतं. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. चार हजार हा आकडा छोटा आहेच, पण मला जास्त काळजी वाटते ती त्या चार हजारांच्या विभागणीची. ती एका जंगलात नाहीत. चहा, कॉफी, धरणं, रस्ते आणि विजेच्या तारा यांनी तोडलेल्या कितीतरी तुकड्यांत वाटली गेली आहेत.

आता हे माकड जगतं कसं ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काहीच पटणार नाही.

आपल्याकडची लाल तोंडाची माकडं आणि हे माकड एकाच गणातले. पण आपली माकडं दिवसाचा बराच वेळ जमिनीवर काढतात. सिंहपुच्छ माकड मुळात शेंड्यांवरचा प्राणी आहे. चांगल्या जंगलात त्याची टोळी दिवसच्या दिवस जमिनीला पाय न लावता फिरते. टोळी साधारण दहा ते वीस जणांची, त्यात बहुधा एकच मोठा नर. माद्या जन्मल्या त्याच टोळीत आयुष्य काढतात : आजी, आई, मावश्या, मुली अशा. नर वयात आले की बाहेर पडतात आणि दुसऱ्या टोळीत जागा शोधतात. मोठ्या नराचा लांबवर जाणारा घुमारा पहाटे दरीत ऐकू आला की आम्हाला दिशा मिळायची, आणि शेजारच्या टोळीलाही आपण कुठे आहोत ते कळायचं.

पिल्लांचं गणित फार संथ आहे. गर्भ साधारण सहा महिने, पिल्लू एकच, आणि त्यानंतरचं पिल्लू अडीच-एक वर्षांनी. मादीला पहिलं पिल्लू होतं तेच साधारण सहा वर्षांची झाल्यावर. शिकारीने किंवा गाडीखाली येऊन एक जाणती मादी गेली, तर ती भरून निघायला टोळीला किती काळ लागेल ते तुम्हीच जुळवून पाहा. काळ्या अंगामुळे पूर्वी या माकडाला आणखी एक भोग भोगावा लागला. त्याच जंगलात निलगिरी वानर राहतं. तेही काळं, पण आयाळ नसलेलं आणि लांब शेपटीचं. त्याच्या मांसापासून ‘करिंगुरंगु रसायन’ नावाचं औषध करतात या समजुतीपायी त्याची बेसुमार शिकार झाली, आणि काळं दिसलं म्हणून गोळी सिंहपुच्छालाही लागली.

खाण्याची गोष्ट मात्र निवांत सांगण्यासारखी आहे. अन्नमलईत कुलेनिया नावाचं उंच झाड आहे, डुरियानच्या कुळातलं. पावसाळा संपून महिने उलटलेले असतात, जंगलात फळं कमी झालेली असतात, आणि नेमक्या त्या कोरड्या दिवसांत कुलेनियाच्या जाड फांद्यांवर सोनेरी-तपकिरी फुलांचे घोस येतात. फुलाला पाकळ्या नाहीत, एक मांसल नळी असते आणि तिच्यात गोड रस. माकडीण फांदीवर बैठक मारते, दोन्ही हातांनी घोस ओरबाडते, नळी चावून रस घेते आणि चोथा खाली टाकते. झाडाखाली उभं राहिलं की डोक्यावर चोथ्याचा पाऊस. पुढे त्याच झाडाला काटेरी, कठीण फळं धरतात. ती पिकून फुटायच्या आधीच माकडं पिरगाळून तोडतात, दातांनी उकलतात आणि आतल्या बिया खातात. म्हणजे एकच झाड वर्षात दोनदा पोट भरतं. अशी झाडं जंगलात दाटीने असतील तर टोळी वर्ष काढते. ती तोडून सावलीसाठी सिल्व्हर ओक लावला, तर लांबून डोंगर हिरवाच दिसतो, माकडाच्या दृष्टीने मात्र तिथे ताट रिकामं असतं.

फळं, फुलं आणि बियांशिवाय दिवसाचा मोठा वेळ किडे शोधण्यात जातो. वाळलेल्या पानांच्या सुरळ्या उलगडायच्या, सालीखाली बोटं घालायची, शेवाळ उपसायचं. कोळी, नाकतोडे, झाडावरचे बेडूक, सरडे, कधी घरट्यातली पिल्लं. एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली तरी माझं समाधान होत नाही. खाजऱ्या केसांची सुरवंटासारखी अळी सापडली की माकडीण ती सरळ तोंडात घालत नाही. पान तोडते, अळी पानात धरते आणि फांदीवर घासघास घासते. केस निघाले की मग खाते. शेजारी बसलेलं, अजून आयाळ न फुटलेलं पिल्लू तोंडाजवळ तोंड नेऊन हे सगळं बघत असतं. कुठलं झाड कधी फुलतं, कुठली अळी कशी खायची, मोठी दरी कुठल्या फांदीवरून ओलांडायची, हे ज्ञान असंच आजीकडून नातीकडे येतं. माकडं पिंजऱ्यात घालून हलवता येतील. एका विशिष्ट जंगलाविषयीचं हे शहाणपण नव्या ठिकाणी कामाला येत नाही. येऊरच्या प्रश्नाकडे येईन तेव्हा हे लक्षात ठेवा.

आता तुम्ही पाहिलेली माकडं. वर्णनावरून ती बहुतेक पुदुतोट्टमची. वालपराई गावाला चिकटून असलेला हा जंगलाचा तुकडा साधारण ९२ हेक्टरचा, म्हणजे एक चौरस किलोमीटरही नाही. सलग जंगलात वीस-एक माकडांची एकच टोळी याहून मोठी जागा फिरून वापरते. पुदुतोट्टमला मात्र दीडशेच्या वर माकडं राहतात. चोहोबाजूंनी चहाचे मळे, मधून वाहता रस्ता, पलीकडे बाजारपेठ. जुनी वृक्षतोड आणि कॉफीची लागवड यांमुळे वरचं छत विरळ झालं, तसतशी माकडं खाली उतरली. मेसॉप्सिस या परदेशी झाडाची फळं, पेरू, कॉफीच्या बिया, मग कचराकुंडी, मग स्वयंपाकघर. छपराची कौलं-पत्रे सारून आत शिरतात, भात-पाव-साखर नेतात. तिथले लोक चहामळ्यांत राबणारे. त्यांच्या घरातला शिधा जातो, पिल्लावाली मादी अंगावर धावून येते, तरीही वर्षानुवर्षं बहुसंख्यांनी हे सहन केलंय. त्यांच्या या सोशिकतेचा उल्लेख पर्यटकांच्या फोटोंखाली कधी येत नाही, आणि तो यायला हवा.

‘पण संख्या तर वाढली ना?’ असं कुणीही विचारेल. वाढली, हे खरं. उष्टं-खरकटं खाऊन पिल्लं लवकर होतात आणि जगतातही. अडचण तिच्या पुढची आहे. ठाणे आणि कळवा यांच्यामधले खाडीवरचे सगळे पूल एका रात्रीत नाहीसे झाले असं क्षणभर धरून चला. दोन्ही काठांवर माणसं तेवढीच राहतील, शिरगणतीत फरक दिसणार नाही. पण कामधंदा, सोयरीक, दवाखाना, सगळं एका काठापुरतं होऊन बसेल. तुकड्यातल्या माकडांचं तेच होतं. वयात आलेला नर बाहेर पडायला बघतो, तर पुढे कंबरेइतक्या उंचीच्या चहाच्या झुडपांचे उघडे डोंगर. बाहेरचा नर आत येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याच रक्तात संबंध होत राहतात. एखादी साथ आली किंवा एखाद्या वर्षी फळं धरली नाहीत, तर उठून जायला जागा नाही. आज दीडशे दिसणारी माकडं म्हणूनच सलग जंगलातल्या चाळीसांपेक्षा सुरक्षित आहेत असं मी म्हणणार नाही.

दरम्यान रोजचे धोके आहेतच : गाड्या, विजेच्या तारा, कुत्री. आणि इथे बिस्किटाचा प्रश्न येतो.

मुलीला रागावू नका, तिला दोष देण्यासारखं काही नाही. पण कारण नीट समजावून सांगा. बिस्किट पोटाला बाधतं की नाही हा भाग दुय्यम आहे. मुख्य नुकसान रस्त्याचं आहे. एका ठरावीक वळणावर गाड्या थांबतात आणि खायला मिळतं, हे टोळीला दोन-चार दिवसांत कळतं. मग सकाळी ती झाडांवर जायच्या आधी त्या वळणावर येऊन बसते. पिल्लं गाडीच्या चाकाजवळ खेळायला शिकतात. तुम्ही सावकाश चालवाल, मागून येणारा चहाचा ट्रक किंवा घाटात वेळ भरून काढणारी बस चालवेलच असं नाही. दुसरं नुकसान घरांचं : माणसाचा हात म्हणजे खाणं हे एकदा डोक्यात बसलं, की हात रिकामा असला तरी माकड ओढाताण करतं, आणि चावलं की लोकांची सहनशक्ती संपते. तिसरं, आपले आजार त्यांना होतात. माणूस आणि माकड शरीराने इतके जवळ आहेत की क्षय, गोवर यांसारखे रोग आपल्याकडून त्यांच्यात जाऊ शकतात. पुदुतोट्टमच्या रस्त्यावर हातात काठी आणि शिट्टी घेऊन उभे असलेले वॉचर दिसले असतील तर ते याचसाठी असतात. गाड्या हळू करायच्या, खाऊ द्यायला थांबलेल्यांना पुढे धाडायचं, टोळी ओलांडून जाईपर्यंत थांबायचं. भर पावसातही हे काम चालू असतं.

आता येऊर. तुमची भावना मला मनापासून समजते, कारण येऊरच्या डोंगराकडे बघत मीही लहानाची मोठी झाले. तरीही उत्तर ‘नाही’ असंच आहे.

येऊर ज्याचा भाग आहे ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं. शहराच्या मानाने ते अफाट आहे. पण हे पानझडीचं जंगल. आपल्याकडे पाऊस भरपूर असला तरी तो जून ते सप्टेंबरमध्ये कोसळून मोकळा होतो. पुढचे सात-आठ महिने कोरडे. मार्च-एप्रिलमध्ये येऊर गावाच्या पुढे चालत गेलात तर साग उघडा, ऐन उघडा, काटेसावर उघडी, खाली वाळक्या पाचोळ्याचा खच. उंबर, जांभूळ, करवंद, आवळा हे आहे; पण बाराही महिने शेंड्याशेंड्यांवरून फिरत पोट भरेल असं दाट, न गळणारं छत नाही. सिंहपुच्छ माकडाला तिथे जमिनीवर उतरावंच लागेल, आणि उतरल्यावर पुढ्यात बिबट्या, भटकी कुत्री आणि घोडबंदर रोड. शिवाय येऊरला आपली माकडं आधीच आहेत : टोपी माकड, ऱ्हीसस आणि काळ्या तोंडाचं वानर. आहे त्या उंबरावर त्यांचा हक्क आहे.

हलवाहलवीबद्दल माझं मत कठोर आहे, आणि ते कामातूनच बनलंय. एका गावची त्रासदायक माकडं पकडून दुसऱ्या गावाजवळ सोडणं हा आपल्या देशातला जुना उद्योग आहे. त्याचा एक परिणाम आपल्या दाराशी दिसतो. उत्तरेकडचं ऱ्हीसस माकड दक्षिणेकडे पसरत टोपी माकडाच्या मुलखात घुसतंय, आणि त्याला माणसाने केलेली ही वाहतूकही कारण आहे. ज्याला आपण ‘काय, साधं माकड’ म्हणतो ते टोपी माकड फक्त भारताच्या दक्षिण द्वीपकल्पात आहे, आणि आययूसीएनच्या यादीत ते आता ‘असुरक्षित’ वर्गात गेलंय. येऊरला माकडासाठी काही करायचं मनात असेल, तर आपलं हे माकड आधी बघा.

मात्र ‘स्थलांतर कधीच नको’ असंही मी म्हणणार नाही. ते परिस्थितीवर अवलंबून आहे. जिथे हेच माकड पूर्वी होतं, शिकारीने संपलं, झाडं मात्र उभी आहेत, शिकार खरोखर थांबली आहे आणि स्थानिक लोक तयार आहेत, अशा सदाहरित जंगलाचा विचार होऊ शकतो. एखाद्या कोंडलेल्या तुकड्यात बाहेरचा नर नेऊन सोडण्याचाही विचार होऊ शकतो. त्यातही वर्षभराची खाद्यझाडं, रोगांची तपासणी आणि नंतर कित्येक वर्षं मागोवा घेणारी माणसं लागतात. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असल्यामुळे मुख्य वन्यजीव रक्षक आणि केंद्र सरकार यांच्या परवानगीशिवाय त्याला हातही लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर : दिसतात म्हणून सुरक्षित नाहीत, खाऊ दिल्याने रस्त्यावर ओढली जातात, आणि त्यांना जंगलाकडे नेण्यापेक्षा जंगल त्यांच्यापर्यंत जोडत नेणं हाच खरा उपाय. तो कसा चालतो ते आता सांगते.

वालपराईच्या पठारावर नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन ही संस्था दोन दशकांहून अधिक काळ हे करते आहे. दिव्या मुडप्पा आणि टी. आर. शंकर रामन यांनी ते उभं केलं. जंगलाचे तुकडे बरेचसे चहा-कॉफीच्या इस्टेटींच्या मालकीचे, म्हणून आधी इस्टेटींशी बोलणी. मग जंगलातल्या आणि रस्त्याकडेच्या बिया गोळा करून रोपवाटिकेत शंभराहून अधिक जातींची स्थानिक रोपं वाढवायची. तुकड्यातली घाणेरी काढायची, आपोआप उगवलेली रोपं ओळखून राखायची, आणि मोकळ्या जागी मिसळून लागवड करायची. कुलेनियासारखं झाड सावलीत हळूहळू वाढतं. त्याच्या फांद्या माकडाचं वजन पेलायला दशकं जातात. तोवर रस्त्यावरून वर पूल बांधले. आग विझवायच्या जुन्या होजपाइपचे पट्टे दोन्ही बाजूंच्या झाडांना ताणून बांधायचे, टोळीच्या ओलांडायच्या जुन्या जागा बघून. चुकीच्या झाडाला बांधलेला पूल नुसता लोंबकळत राहतो. योग्य जागी बांधला की आधी तरुण माकडं चाचपून बघतात, मग पिल्लू पोटाशी धरलेली आई जाते. खालून ट्रक जात असतो.

सलग जंगल मुळातच वाचलं तर एवढा खटाटोप करावा लागत नाही, आणि याचं देशातलं मोठं उदाहरण सायलेंट व्हॅली. केरळात कुंतीपुळा नदीवर धरण होणार होतं. १९७० च्या दशकात शास्त्रज्ञ, शिक्षक, कवी आणि केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे कार्यकर्ते त्याविरुद्ध उभे राहिले. पक्षितज्ज्ञ सालिम अलींसारख्यांनी आवाज दिला. सिंहपुच्छ माकड त्या लढ्याची ओळख बनलं. शेवटी प्रकल्प रद्द झाला आणि १९८४ मध्ये खोरं राष्ट्रीय उद्यान झालं. तिथली माकडं पर्यटकांना सहसा दिसत नाहीत. वर, दाट पानांत असतात. मला त्या न दिसण्याचा फार आनंद होतो.

आपल्याला जवळचं आणि माझ्या जास्त जिव्हाळ्याचं ठिकाण म्हणजे कर्नाटकातलं सिरसी-होन्नावर. या माकडाच्या वावराचं हे उत्तरेकडचं टोक. तिथे त्याला सिंगळीक म्हणतात. तिथल्या जंगलात पाहण्यांमध्ये बत्तीस टोळ्या आणि ६०० च्या वर माकडं मोजली गेली, आणि त्यानंतर २०११ मध्ये अघनाशिनी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. २०१९ मध्ये ते शरावती खोऱ्याच्या अभयारण्यात सामील करून सिंहपुच्छ माकडाच्या नावाने मोठं अभयारण्य करण्यात आलं. त्याच खोऱ्यात आता २,००० मेगावॉटचा पंप्ड स्टोरेज (पाणी वर चढवून साठवायचं आणि गरजेला खाली सोडून वीज करायची असा) वीजप्रकल्प प्रस्तावित आहे. वीज लागते हे मान्य. पण या प्राण्याच्या दृष्टीने बोगदा, रस्ता आणि वीजवाहिन्यांची पट्टी जंगल कुठे कापणार, हा प्रश्न किती हेक्टर जाणार याच्याइतकाच मोठा आहे, आणि तो मी जिथे संधी मिळेल तिथे विचारते.

सिरसीकडे कुलेनिया नाही. तिथल्या टोळीचं महत्त्वाचं खाद्य उप्पगे, म्हणजे आपल्या कोकमाचा सख्खा भाऊ. पावसाळ्यात फळ पिकतं. गावकरी साल वाळवून विकतात, घराला चार पैसे मिळतात. पण भाव चढला की स्पर्धा लागते : कच्चं फळ ओरबाडलं जातं, फांद्या तोडल्या जातात, आणि ऐन पावसात साल वाळवायला जंगलातलं ढीगभर लाकूड जळतं. हा भाव चढवणारं गिऱ्हाईक कुठे आहे माहितीये? आपल्याकडे. वजन घटवायला म्हणून ‘गार्सिनिया कॅम्बोजिया’ नावाच्या ज्या कॅप्सूल जिममध्ये आणि मेडिकलच्या फळीवर दिसतात, त्या याच फळाच्या सालीच्या. घोडबंदरच्या एखाद्या जिममधली बाटली आणि सिरसीच्या झाडावरची टोळी यांच्यात इतकं थेट नातं आहे. गावकऱ्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पिकलेलं फळ तेवढंच घेणारे, झाडावर वाटा सोडणारे आणि कमी लाकडाच्या भट्ट्या वापरणारेही तिथे आहेत. पण डॉक्टरने सांगितलं नसताना ती कॅप्सूल घ्यायची गरज नाही, एवढं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते.

तुम्ही ‘आम्ही इथून काय करू शकतो’ असंही लिहिलंय. पुन्हा वालपराईला जाल तेव्हा आळियारपासूनच्या चाळीस वळणांच्या घाटात आणि गावाजवळ गाडी हळू ठेवा, काचा बंद, खाणं डिकीत, आणि टोळी दिसली तर गाडी वळणावर न थांबवता पुढे सुरक्षित जागी लावून लांबून बघा. कचरा परत घेऊन या. फोटो टाकलात तर खाली लिहा की हे माकड रस्त्यावर का आलंय. माझ्या मते हे एक वाक्य शंभर ‘क्यूट’पेक्षा उपयोगी पडतं.

आणि येऊरला, उपवनला, मानपाड्याला सुट्टीच्या दिवशी केळी-पाव घेऊन माकडांकडे जाणारे शेजारी असतील तर त्यांच्याशी बोला. पुण्य म्हणून देतात, त्यामुळे उपदेश केला तर ऐकत नाहीत. मी त्यांना सोसायटीत माकड चावल्याची गोष्ट सांगते, मग तेच विचारतात की काय करायचं. कचऱ्याचे डबे झाकणाचे, गॅलरीत फळं उघडी नाहीत, जिन्याच्या खिडक्यांना जाळी. एवढ्याने बहुतेक तक्रारी महिन्या-दोन महिन्यांत खाली येतात. जखमी माकड दिसलं तर स्वतः पकडू नका, खासगी पकडणाऱ्याला बोलावू नका. वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. घोडबंदर रोडने नागला बंदरचं जंगल उद्यानाच्या मुख्य भागापासून तोडलंय, त्या रस्त्यावर बिबटे गाडीखाली आल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तिथे प्राण्यांसाठी भुयारी वा वरचा मार्ग हवा, ही मागणी जेव्हा जेव्हा पुढे येते तेव्हा रहिवासी म्हणून तुमची सही लागेल. पुदुतोट्टमला होजपाइपचा पूल बांधण्यामागचा विचार आणि हा विचार एकच आहे.

तुमच्या मुलीला ही माकडं त्यांच्या घरात बघायची असतील तर पुढच्या वेळी सिरसीला न्या. कोकण रेल्वेने कुमटा, तिथून गाडीने घाट चढून. पावसाळा टाळा, जळवा आणि निसरड्याने लहान मुलांचे हाल होतात. वनखात्याची परवानगी आणि गावातला वाटाड्या दोन्ही आधी ठरवा, चांगली दुर्बीण न्या. दोन दिवसांत एकही माकड दिसणार नाही अशी शक्यता भरपूर आहे, तेव्हा तिला निघायच्या आधीच ते सांगून ठेवा.